काळ्या पाषाणाचे अभ्यासक : स्टीफन हिस्लॉप

वर्धा जिल्ह्यातील गिरड येथे टेकडीवर शेख फरीद यांचा दर्गा आहे. या टेकडीवर जायफळाएवढे, तपकिरी, वाटोळे खडे सापडतात. दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी फकिराची थट्टा केली, म्हणून त्यांच्या सगळ्या मालाचे दगड झाले, अशी तेथील जुनी आख्यायिका आहे. भूशास्त्र सांगते ती कथाही काही कमी नवलाची नाही. तप्त लाव्हा थिजत असता त्यात वायूचे बुडबुडे कोंडले गेले. त्या पोकळ्यांत पाण्याने खनिजे आणून भरली आणि भोवतालचा खडक झिजल्यावर ते गोटे मोकळे झाले. वऱ्हाड-नागपूरकडील या काळ्या खडकाचा इतिहास ज्यांनी आरंभी कसोशीने शोधला, त्यांत स्टीफन हिस्लॉप यांचे नाव अग्रगण्य आहे.

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स या गावी झाला. त्यांचे वडील गवंडीकाम करीत. तेव्हा दगडांशी त्यांची ओळख घरातच झाली असे म्हणावयास हरकत नाही. शिक्षण पुरे करून १८४५ साली ते मिशनरी म्हणून नागपुरास आले. तेथे भोसल्यांचे राज्य होते. हिस्लॉप मराठी शिकले, पुढील वर्षी त्यांनी शाळा काढली आणि सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह ते गावोगाव फिरू लागले. वाटेत दिसणारा ओढ्याचा काठ किंवा विहिरीतून निघालेले दगड पाहिल्यावाचून त्यांचे पाऊल पुढे पडत नसे.

नागपूरजवळ टाकळी येथे व सीताबर्डीच्या टेकडीत त्यांस एक विलक्षण गोष्ट आढळली. वर काळा खडक, खाली काळा खडक आणि मध्ये मातीचा पातळ थर. त्या थरात गोड्या पाण्यातील गोगलगाईंचे शंख, फळे, बिया, इतकेच काय पण कीटकांचे पंखही दगड होऊन राहिले होते. म्हणजे एके काळी येथे तळे होते! मग अग्नीच्या दोन थरांमध्ये हे तळे आले कोठून?

वरचा खडक तळ्यावरून वाहत आलेल्या लाव्ह्याचा, हे उघड होते. कोडे होते ते खालच्या खडकाचे. हिस्लॉप व हंटर यांचे मत असे पडले की, खालचा खडक सर्वांत मागाहून आला. भूगर्भातील शिलारस तळ्याच्या थराखाली घुसला आणि त्याने वरची भूमी उचलून धरली. त्यांचा लेख १८५५ साली लंडनच्या भूशास्त्र संस्थेच्या त्रैमासिकात प्रसिद्ध झाला.

हे मत पुढे टिकले नाही. खालच्या लाव्ह्याची झीज होऊन सुटलेले कण तळ्याच्या मातीत मिसळलेले दिसले. खालचा खडक मागाहून आला असता, तर त्याचे तुकडे आधीच साचलेल्या मातीत कसे सापडतील? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे लोट थांबून थांबून आले. मधल्या शांततेच्या काळात त्यांवर तळी साचली, झाडे वाढली आणि पुन्हा लोट आला.

तरीही शिलारस भूमी उचलतो, ही कल्पना मुळीच पोरकट नव्हती. शिलारस वर चढू लागला की, त्यास वाट देण्यासाठी खडक फुटतात आणि लहानमोठे भूकंप होतात. जमीन कणकेप्रमाणे फुगते. तो निघून गेला की जमीन खचते. २०१८ साली हवाई बेटावरील किलाउएआ ज्वालामुखीचा माथा असाच सुमारे ५०० मीटर खचला. आता ही हालचाल उपग्रहही मोजतात. हिस्लॉप यांच्यापाशी होते हातोडा आणि डोळे. महाराष्ट्रातील शिलारस मात्र केव्हाच थिजला आहे. १९९३ सालचा किल्लारीचा भूकंप त्यामुळे झाला नाही. भारतीय भूखंड उत्तरेकडे सरकत असता खडकांवर येणाऱ्या ताणाने तो झाला.

४ सप्टेंबर १८६३ रोजी हिस्लॉप मध्यप्रांताचे मुख्य अधिकारी रिचर्ड टेम्पल यांच्यासमवेत नागपूर-वर्धा मार्गाजवळील टाकळघाट येथे प्राचीन शिलावर्तुळे पाहण्यास गेले. टेम्पल आधी निघाले. गावच्या शाळेची तपासणी करून हिस्लॉप सायंकाळी घोड्यावरून बोरीच्या मुक्कामाकडे एकटेच निघाले. पावसाने मधला ओढा दुथडी भरला होता. मुक्कामावर पोहोचला तो केवळ घोडा. लोक शोधास धावले, पण हिस्लॉप बुडाले होते. सेहेचाळिसावे वर्ष पुरे होण्यास चार दिवस उरले होते.

टाकळीस मिळालेल्या एका हिरव्या खनिजास त्यांच्या हयातीतच हिस्लोपाइट हे नाव मिळाले होते. नागपुरात १८८३ साली निघालेले महाविद्यालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते. गोंड लोकांची गीते व शब्द यांची त्यांनी केलेली टाचणे मात्र अपुरीच राहिली होती; ती टेम्पल यांनी नीट लावून १८६६ साली छापविली.