गुलाबाची सर्दी आणि हकीम राझी

पनवेलला हवा बदलली की आमच्या वर्गात शिंका सुरू होतात आणि घरोघरी मध, कलौंजी, जोशांदा निघतो. अशा वेळी आम्हाला हकीम अबू बक्र राझी आठवतात.

इराणातल्या रय शहरात 865 च्या सुमारास जन्मलेले राझी पुढे रय आणि बगदादच्या दवाखान्यांचे प्रमुख झाले. देवी आणि गोवर यांतला फरक त्यांनी स्पष्ट मांडला. अबू झैद बल्खी या विद्वानांना वसंतात गुलाबाच्या वासाने सर्दी व्हायची. ती का होते, यावर राझींनी खास निबंध लिहिला. मोसमी ॲलर्जीवरच्या सर्वात जुन्या लिखाणात तो मोडतो. आहाराने भागत असेल तर औषध नको, असं ते मानत. पण गरज पडली तर औषध देतच. हकीम ज्यांना मिळत नाही, त्यांच्यासाठीही त्यांनी किताब लिहिली. उतारवयात दृष्टी गेली. 925 च्या सुमारास रयमध्येच त्यांचा इंतकाल झाला.

आपणही हाच क्रम पाळू या. मध, काढा जरूर घ्या. मात्र वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नका. आणि मुलाला धाप लागली, छातीत घरघर वाजली, तर कलौंजीच्या भरवशावर बसू नका. तडक डॉक्टरकडे न्या.