रियाजाने रुसलेले बोट

उजवा तळहात टेबलावर पालथा ठेवा. फक्त मधले बोट आत दुमडा. आता बाकीची बोटे एकेक करून उचलून पाहा. अंगठा, तर्जनी, करंगळी सहज उचलता येतील, अनामिका मात्र टेबलाला चिकटल्यासारखी पडून राहील. बोटे वर उचलणारे मुख्य स्नायू कोपराखालच्या भागात असतात. त्यांच्या कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, हाताच्या पाठीवर आडव्या पट्ट्यांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. मधले बोट दुमडले की शेजारणीची दोरीही ओढून धरली जाते. ही आपली घडणच आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात पियानो शिकणाऱ्यांना ही घडण मान्य नव्हती. पाचही बोटे सारख्या ताकदीची झाली पाहिजेत, या ध्यासातून यंत्रे निघाली. लोजिए नावाच्या शिक्षकाने १८१४ मध्ये ‘कायरोप्लास्ट’चे पेटंट घेतले. त्यात शिकणाऱ्याचा हात ठरावीक जागी अडकवून ठेवत. अशा काळात रॉबर्ट शुमान पियानोवादक व्हायला निघाला.

शुमानचा जन्म ८ जून १८१० रोजी जर्मनीतील झ्विकाऊ गावी झाला. वडील पुस्तकविक्रेते आणि प्रकाशक, त्यामुळे घरात पुस्तकांचा सुकाळ. पियानोचे धडे सातव्या वर्षाच्या सुमारास सुरू झाले. वडील १८२६ मध्ये गेले आणि आईने मुलाला वकिलीकडे वळवले. १८२८ मध्ये तो लाइपझिगला कायदा शिकायला गेला खरा, पण पुस्तकांपेक्षा पियानोपुढेच जास्त बसला. १८३० मध्ये फ्रँकफर्टला त्याने पागानिनीचे व्हायोलिन ऐकले आणि वकिलीचा उरलासुरला विचारही मागे पडला. लाइपझिगचे नामांकित शिक्षक फ्रीडरिख वीक यांनी आईला कळवले, की मुलाने शिस्त पाळली तर तीन वर्षांत त्याला मोठा पियानोवादक करून दाखवतो. विशीतला शुमान वीक यांच्या घरी राहायला आला.

त्या घरात वीक यांची अकरा वर्षांची मुलगी क्लाराही होती. वीक माणूस कडक, पुढे पोटच्या मुलीला कोर्टात उभे करायला लावणारा. पण मुलीच्या रियाजाची आखणी त्यांनी आजच्या डॉक्टरांनाही पटेल अशी केली होती: रोज तासभर धडा, दोनेक तास सराव आणि मग मोकळ्या हवेत लांबवर फेरी. क्लाराची बोटे साठी ओलांडल्यावरही मैफली गाजवत होती. विशीत येऊन गेलेली वर्षे भरून काढायला निघालेल्या शुमानला एवढा धीर नव्हता. तो तासन्‌तास वाजवत राहिला.

उजव्या हाताच्या मधल्या बोटाची तक्रार त्याआधीच सुरू झाली होती. रियाज वाढला तशी तीही वाढली. मग त्याने बोट ताणून धरणारे एक यंत्र वापरायला घेतले. त्याच्या रोजनिशीत त्याचे नाव ‘सिगार-यंत्र’ असे येते. १८३२ च्या उन्हाळ्यापर्यंत बोट सुधारण्यापलीकडे गेल्याची नोंद त्याने केली.

उपचार त्या काळाला शोभणारे झाले. ब्रँडीचे शेक, वनस्पतींचे लेप, विजेचे झटके, होमिओपॅथी. सर्वांत विचित्र उपचार ‘पशुस्नाना’चा: नुकत्याच कापलेल्या जनावराच्या गरम आतड्यांत हात बुडवून बसायचे. जनावराचा गुण आपल्यात उतरेल की काय, अशी धास्ती त्याने आईला पत्रातून कळवली. १८३२ च्या नोव्हेंबरात त्याने आशा सोडली. आता चेलो वाजवेन, त्याला डाव्या हाताची बोटे पुरतात, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

यंत्रानेच बोट मोडले, ही कहाणी पुढे शंभर वर्षे सांगितली गेली. पण तक्रार यंत्राच्या आधीची होती. उपदंश आणि त्यावर दिल्या जाणाऱ्या पाऱ्याची विषबाधा, असेही निदान काही अभ्यासकांनी सुचवले. मला अधिक पटते ते हानोव्हरचे मज्जातज्ज्ञ एकार्ट आल्टेनम्युलर यांचे म्हणणे: हा ‘फोकल डिस्टोनिया’ होता. या विकारात बोट दुखत नाही, लुळेही पडत नाही. ठरावीक काम करतानाच ते आपोआप आखडते किंवा भलतीकडे वळते, इतर कामांत निमूट साथ देते. लिहिणाऱ्यांना होणारा ‘रायटर्स क्रॅम्प’ याच कुळातला.

बिघाड मेंदूत असतो. प्रत्येक बोटासाठी मेंदूत वेगळी जागा राखलेली असते. एकाच हालचालीची लाखो आवर्तने, त्यात चुकण्याची भीती आणि विश्रांतीचा अभाव, असे झाले की काही जणांत या जागांच्या सीमा पुसट होतात. एका बोटाला दिलेला हुकूम शेजारच्यालाही पोहोचतो. व्यावसायिक वादकांपैकी साधारण शंभरात एकाला हा त्रास होतो. पुरुषांत, अतिपरिपूर्णतेचा ध्यास असणाऱ्यांत आणि सराव एकदम वाढवणाऱ्यांत तो अधिक दिसतो. शुमान या वर्णनात चपखल बसतो. जास्त रियाज हा यावरचा उपाय नाही, त्याने दुखणे वाढतेच. आज बोटुलिनम विषाची इंजेक्शने, औषधे आणि हालचाल नव्याने शिकवणारे व्यायाम देतात. अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर यांचा उजवा हात याच विकाराने साठच्या दशकात गेला. तीसेक वर्षांनी अशा उपचारांनंतर ते पुन्हा दोन्ही हातांनी वाजवू लागले. शुमानला हे मिळणार नव्हते.

त्याने लेखणी धरली. १८३४ मध्ये संगीतविषयक नियतकालिक काढले, ‘कार्निव्हाल’ आणि ‘बालपणीची दृश्ये’ पियानोसाठी लिहिली. वीक यांचा विरोध कोर्टात मोडून काढून १२ सप्टेंबर १८४० रोजी त्याने क्लाराशी लग्न केले. त्याचे संगीत आता तिच्या हातांनी लोकांपर्यंत जाऊ लागले. त्याची पियानो कन्चेर्टो १८४५ मध्ये ड्रेस्डेनला पहिल्यांदा वाजली, तेव्हा पियानोपुढे तीच बसली होती.

१८४८ मध्ये थोरली मुलगी मारी सात वर्षांची होणार होती. तिच्या वाढदिवसासाठी शुमानने काही छोट्या रचना केल्या आणि बघता बघता त्रेचाळीस झाल्या. हाच ‘मुलांसाठी अल्बम’. यातला ‘आनंदी शेतकरी’ आजही जगभर पियानो शिकणारी मुले पहिल्या एक-दोन वर्षांत वाजवतात. सुरुवातीच्या अठरा रचना लहानग्यांसाठी, पुढच्या जरा मोठ्यांसाठी. मुलांच्या बोटांची सक्ती नाही, गोष्ट सांगण्यात रमलेल्या रचना आहेत.

त्याच सुमारास शिकणाऱ्यांसाठी त्याने नियमही लिहिले. बोटांचे व्यायाम करावेत, पण म्हातारपणापर्यंत रोज तासन्‌तास तेच करत बसणे म्हणजे मुळाक्षरे दिवसेंदिवस अधिक वेगाने म्हणण्यासारखे आहे, असे तो बजावतो. आवाज न करणाऱ्या सरावाच्या पट्ट्यांचीही तो टर उडवतो: मुक्याकडून बोलायला शिकता येत नाही. कान तयार करा, इतरांबरोबर वाजवा, गा, दमलात तर थांबा, असा सगळा सूर. स्वतःच्या बोटाबद्दल त्यात अवाक्षर नाही.

शेवटची वर्षे वाईट गेली. कानांत सतत आवाज, भास, खोल नैराश्य. फेब्रुवारी १८५४ मध्ये त्याने ऱ्हाइन नदीत उडी घेतली. लोकांनी वाचवले. पुढे बॉनजवळच्या एंडेनिख इथल्या मनोरुग्णालयात तो स्वतःहून गेला आणि तिथेच २९ जुलै १८५६ रोजी वारला. वय सेहेचाळीस.

क्लारा १८७८ पासून फ्रँकफर्टच्या संगीतविद्यालयात पियानो शिकवू लागली. नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांची तयारी करून घेणाऱ्या तिच्या मदतनीसांत मारीही होती.