डंडोनाल्डचा दर्यावर्दी उमराव

पोर्तुगीज साम्राज्यास खिंडार पाडणाऱ्यांची गणना करताना गोमंतकीयांस ब्राझील सहसा आठवत नाही; मग तेथे लढलेला स्कॉटिश उमराव कोठून आठवणार? डंडोनाल्डचा दहावा अर्ल थॉमस कॉक्रेन याचे चरित्र आम्हांस म्हणूनच सांगावेसे वाटते.

१७७५ साली जन्मलेल्या थॉमसच्या घराण्यात किताब होता, पैसा नव्हता. तो वडिलांनी दगडी कोळशापासून डांबर काढण्यासारख्या प्रयोगांत घालविला होता. १७९३ मध्ये थॉमस ब्रिटिश आरमारात शिरला. १८०१ च्या मे महिन्यात १४ तोफांच्या ‘स्पीडी’ या चिमुकल्या जहाजावरील अवघ्या ५४ माणसांनिशी त्याने ३२ तोफांचे आणि ३१९ माणसांचे ‘गामो’ हे स्पॅनिश जहाज जिंकले. शत्रूच्या इतके लगत तो गेला, की त्याचे गोळे डोक्यावरून निघून जाऊ लागले!

तलवारीइतकीच त्याची जीभही तिखट होती. १८०९ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर बास्क रोड्स येथे पेटती जहाजे सोडून त्याने फ्रेंच आरमाराची दाणादाण उडविली. परंतु त्याचा वरिष्ठ गॅम्बियर याने अखेरचा घाव घातला नाही. संसद-सदस्य या नात्याने कॉक्रेनने गॅम्बियरच्या अभिनंदनास विरोध केला. लष्करी न्यायालयाने गॅम्बियरला निर्दोष ठरविले. कॉक्रेनची कारकीर्द मात्र खुंटली. १८१४ मध्ये शेअरबाजारातील फसवणुकीच्या खटल्यात त्याला तुरुंगवास घडला. आरमारातील हुद्दा, संसदेतील जागा आणि ‘सर’ हा किताब, सारेच गेले. तो खरोखर दोषी होता काय, हा वाद अद्याप मिटलेला नाही. वेस्टमिन्स्टरच्या मतदारांनी मात्र त्याला तत्काळ पुन्हा निवडून दिले.

स्वदेशाने टाकलेला हा वीर १८१८ मध्ये चिलीच्या आरमाराचा प्रमुख झाला आणि १८२० मध्ये त्याने स्पेनचे वाल्दिव्हिया ठाणे घेतले. पुढे ब्राझीलने त्याला बोलाविले. १८२३ च्या जुलैत एकच जहाज घेऊन तो मारान्यांव बंदरात शिरला आणि मागून मोठे आरमार येत असल्याची हूल त्याने उठविली. पोर्तुगीज फौज निमूटपणे निघून गेली. गोव्यातून ती जाण्यास त्यानंतर १३८ वर्षे लागली!

ब्राझीलच्या सम्राटाने त्याला ‘मारान्यांवचा मार्क्विस’ केले. पण बक्षिसाच्या रकमेवरून तो दोन्ही सरकारांशी भांडला आणि १८२५ मध्ये ब्राझीलचे जहाज घेऊनच इंग्लंडला परतला. त्याची द्रव्यलालसा आम्ही झाकू इच्छित नाही. मात्र लढाई संपताच लढणाऱ्याचे देणे विसरणाऱ्या राज्यकर्त्यांसही आम्ही निर्दोष म्हणणार नाही.

१८३२ मध्ये त्याला माफी मिळाली, १८४७ मध्ये गेलेला किताब परत आला. १८६० मध्ये त्याचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबेमधून अपमानपूर्वक फेकून दिलेले त्याचे निशाण राणीच्या आज्ञेने तेथे पुन्हा लागले, ते दफनाच्या आदल्या दिवशी.