शांता शेळके : वडील गेले, पण शाळा सुटली नाही

घरातला कमावता माणूस गेला की बहुतेक वेळा पहिली शाळा सुटते ती मुलीची. आम्ही शिक्षक मंडळी हे पाहत असतो. म्हणूनच कवयित्री आणि मराठीच्या प्राध्यापिका शांता शेळके यांची हकीकत आपल्या घरांत सांगावीशी वाटते.

शांताबाईंचा जन्म १२ ऑक्टोबर १९२२ रोजी पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरला झाला. वडील वनखात्यात नोकरीला होते. शांताबाई लहान असतानाच ते वारले आणि कुटुंब पुण्याला आलं. कठीण दिवस होते, तरी मुलीची तालीम थांबली नाही. हुजूरपागा शाळा, मग सर परशुरामभाऊ कॉलेज. पुढे एम.ए.ला त्या मुंबई विद्यापीठात पहिल्या आल्या.

शिक्षण झाल्यावर त्यांनी नोकरी धरली. आधी आचार्य अत्रे यांच्या 'नवयुग' साप्ताहिकात उपसंपादक होत्या. नंतर नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात मराठी शिकवायला आल्या. आपल्या गोंदियाच्या मुली आजही कॉलेजसाठी ज्या नागपूरची गाडी पकडतात, तेच हे नागपूर. पुढे मुंबईत परळच्या महर्षी दयानंद कॉलेजातून त्या निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही, आयुष्यभर स्वतःच्या कमाईवर उभ्या राहिल्या.

नोकरी सांभाळून लेखणी चालूच होती. 'वर्षा' हा पहिला कवितासंग्रह १९४७ चा. मग 'रूपसी', 'गोंदण', 'अनोळख' आले. कालिदासाचं 'मेघदूत' आणि जपानी हायकू त्यांनी मराठीत आणले. चित्रपटांसाठी गाणी लिहिली, कोळीगीतंही लिहिली. सेन्सॉर बोर्डावर असताना स्वतःचं नाव वापरता येईना, तेव्हा 'डॉ. वसंत अवसरे' या नावानं गीतं दिली. गाणी लिहिणं म्हणजे कमी दर्जाचं काम, असं त्यांनी मानलं नाही. उर्दूत साहिर आणि मजरूह यांनीही शायरी आणि सिनेमा दोन्ही सांभाळलं, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहेच.

१९९६ मध्ये आळंदीच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. त्याआधी हा मान फक्त दोन बायकांना मिळाला होता : १९६१ मध्ये कुसुमावती देशपांडे आणि १९७५ मध्ये दुर्गा भागवत. त्यातल्या कुसुमावतीबाईही नागपुरात इंग्रजी साहित्याच्या प्राध्यापिका होत्या. ६ जून २००२ रोजी पुण्यात शांताबाईंचं निधन झालं.

हुशारी तर शांताबाईंकडे होतीच. पण वडिलांच्या मागे घरच्यांनी त्यांचं दप्तर कोपऱ्यात टाकलं असतं, तर त्या हुशारीचं काय झालं असतं? आपल्या मोहल्ल्यात एखाद्या घरावर असा प्रसंग आला तर रेशन, दवाखाना याची विचारपूस आपण करतोच. त्याच वेळी मुलीच्या फीचं आणि पुस्तकांचंही विचारू या.