गिरगावचा रस्ता आणि नाना

मुंबईत धोबीतलावाकडून ठाकुरद्वारमार्गे गिरगावात जाणाऱ्या रस्त्याला जगन्नाथ शंकरशेट यांचे नाव आहे. पूर्वी तो नुसता गिरगाव रस्ता होता. नानांचा जन्म १८०३ चा, मुरबाडचा. म्हणजे २०१४ पर्यंत आपले जव्हार-मोखाडे ज्यात होते, त्या ठाणे जिल्ह्यातला. वडिलोपार्जित संपत्तीचा मोठा वाटा त्यांनी विद्येसाठी वेचला. १८४९ च्या सुमारास मुलींच्या शाळेला स्वतःच्या वाड्यात जागा दिली. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी धावली, त्या खटपटीतही ते पुढे होते. १८६५ मध्ये ते निवर्तले.

आपल्या डोंगरात आगगाडी अजून आलेली नाही. शाळा मात्र आली. माझ्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. म्हणून नानांचा मोठेपणा मला आगगाडीपेक्षा वाड्यातल्या त्या शाळेत अधिक दिसतो.