केशवराव कोरटकर : मुलांच्या शिक्षणाची बाजू घेणारा वकील



१७ सप्टेंबर जवळ आला की नांदेड-लातूरच्या शाळांमध्ये मुक्तिसंग्रामाच्या भाषणांची तयारी सुरू होते. स्वामी रामानंद तीर्थांचं नाव मुलांना पाठ असतं. पण त्यांच्या आधीच्या पिढीतले केशवराव कोरटकर आपण मुलांना सांगतो का?

केशवरावांचा जन्म १८६७ साली पुरजळ या गावी झाला. हे गाव आज नांदेडला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात येतं. तेव्हा सगळा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि पुढे कोर्ट-कचेरीची भाषा झाली उर्दू. जरा विचार करा. शेत आपलं, डोक्यावरचं कर्ज आपलं, खटलाही आपलाच. पण कागदात काय लिहिलंय, ते दुसऱ्यानं वाचून सांगायचं!

केशवराव या उर्दू कोर्टात वकील झाले. आधी गुलबर्गा आणि मग हैदराबाद इथं त्यांनी वकिलीत मोठं नाव कमावलं. पुढे ते हैदराबादच्या हायकोर्टाचे न्यायाधीशही झाले.

स्वतःचं सगळं नीट चाललेलं असताना माणूस सहसा स्वस्थ बसतो. केशवराव बसले नाहीत. १९०७ साली हैदराबादेत मराठी मुलांसाठी विवेकवर्धिनी शाळा सुरू झाली. तिच्या संस्थापकांमध्ये केशवराव प्रमुख होते. १९१८ साली निघालेलं उस्मानिया विद्यापीठसुद्धा उर्दू माध्यमाचं होतं. अशा राज्यात मराठी मुलांची शाळा चालवणं किती अवघड असेल, हे आपण शिक्षकच जास्त समजू शकतो.

१९३२ साली केशवराव गेले. त्यांच्या स्मरणार्थ १९४० साली हैदराबादेत केशव मेमोरियल ही शाळा सुरू झाली. विवेकवर्धिनीप्रमाणे तीही संस्था आज चालू आहे. त्यांनी लढवलेले खटले आज कुणाला आठवत नाहीत, शाळा मात्र राहिली.

यंदा मुलांना भाषणासोबत एक छोटं काम द्या. घरात आजोबा-पणजोबांचा जमिनीचा एखादा जुना उर्दू कागद आहे का, ते शोधायला सांगा. सापडला, तर तो कागद घरात कोणाला वाचता येत होता, हेही आजी-आजोबांना विचारू द्या. केशवरावांनी शाळा का काढली, हे मुलांना वेगळं समजवावं लागणार नाही.