विल्यम थॉमसन, लॉर्ड केल्व्हिन

विल्यम थॉमसन, पहिले बॅरन केल्व्हिन (२६ जून १८२४ – १७ डिसेंबर १९०७) हे ब्रिटिश गणितज्ञ, भौतिकशास्त्रज्ञ व अभियंते होते. निरपेक्ष तापमानाच्या एककाला त्यांचे नाव दिलेले असल्यामुळे ते सर्वपरिचित आहेत. इमारती उबदार अथवा थंड राखणाऱ्या उष्णता पंपाची सैद्धांतिक मांडणी त्यांनी केली, ही बाब मात्र त्या मानाने कमी ज्ञात आहे.

जीवन

थॉमसन यांचा जन्म आयर्लंडमधील बेलफास्ट येथे झाला. वडील जेम्स थॉमसन हे गणिताचे प्राध्यापक होते. त्यांची नेमणूक ग्लासगो विद्यापीठात झाल्यावर कुटुंब स्कॉटलंडला आले. वयाच्या दहाव्या वर्षी विल्यम यांचे नाव विद्यापीठाच्या पटावर दाखल झाले. १८४५ मध्ये केंब्रिजची पदवी घेऊन ते पॅरिसला गेले आणि रेन्यो यांच्या प्रयोगशाळेत उष्णतेच्या सूक्ष्म मापनाचे काम शिकले. १८४६ मध्ये, अवघ्या बाविसाव्या वर्षी, ते ग्लासगो येथे प्राध्यापक झाले व १८९९ पर्यंत त्याच पदावर राहिले.

उष्णता पंप

१८४७ मध्ये ऑक्सफर्डच्या परिषदेत जेम्स जूल यांच्याशी झालेल्या भेटीनंतर उष्णता व कार्य यांच्या संबंधाबद्दलचे त्यांचे विचार हळूहळू पालटले. १८४८ मध्ये त्यांनी निरपेक्ष तापमानश्रेणी सुचविली. १८५२ च्या निबंधात त्यांनी दाखविले की, इंधन जाळून खोली तापविण्यापेक्षा त्याच इंधनावर यंत्र चालवून बाहेरच्या हवेतील उष्णता आत आणणे तत्त्वतः पुष्कळ काटकसरीचे आहे. त्यांच्या योजनेत हवा एका सिलिंडरमध्ये प्रसरण पावून थंड होते, बाहेरील वातावरणातून उष्णता शोषून घेते आणि दुसऱ्या सिलिंडरमध्ये दाबली गेल्याने उबदार होऊन घरात जाते. क्रिया उलटी केली की तेच यंत्र थंडावा देते. हे यंत्र त्यांनी प्रत्यक्ष बांधून वापरात आणले नाही. ऑस्ट्रियात पेटर फोन रिटिंगर यांनी १८५६ च्या सुमारास मिठागारात याच तत्त्वाचा उपयोग केला, तर जमिनीतून उष्णता घेणाऱ्या पंपाचे एकस्व स्वित्झर्लंडमध्ये १९१२ साली हाइनरिख झोएली यांना मिळाले.

जमिनीखालील तापमान

एडिंबरा येथे जेम्स फोर्ब्ज यांनी १८३७ पासून तीन ठिकाणी, सुमारे एक ते पावणेआठ मीटर खोलीपर्यंत, लांब नळ्यांचे तापमापक पुरून नोंदी घेतल्या होत्या. थॉमसन यांनी फूर्ये यांच्या गणिताच्या साहाय्याने त्यांचे विश्लेषण केले. खोली वाढते तसा ऋतूंमधील तापमानाचा चढउतार कमी होतो आणि तो उशिराही पोहोचतो. सर्वांत खोल तापमापकापाशी उन्हाळ्याची ऊब जवळजवळ हिवाळ्यात जाणवत असे. वालुकाश्म, वाळू व ज्वालामुखीजन्य खडक यांच्या उष्णतावहनातील फरकही या नोंदींतून मोजता आला. जमिनीत नळ्या पुरून इमारत तापविण्याची वा थंड करण्याची आखणी शिकणाऱ्याला आजही याच दोन गोष्टींपासून सुरुवात करावी लागते: किती खोल जायचे, आणि तेथील खडक उष्णता किती वेगाने वाहून नेतो.

याच गणितावर विसंबून त्यांनी १८६२ मध्ये पृथ्वीचे वय २ कोटी ते ४० कोटी वर्षे ठरविले व १८९७ मध्ये ते २ ते ४ कोटींवर आणले. उत्क्रांतीला याहून फार मोठा काळ लागतो, म्हणून डार्विन यांना या आकड्याने बेचैन केले. १८९५ मध्ये थॉमसन यांचेच पूर्वीचे साहाय्यक जॉन पेरी यांनी दाखवून दिले की, पृथ्वीच्या अंतर्भागात उष्णता अधिक सुलभतेने वाहत असेल तर हे उत्तर कोसळते. गणितात चूक नव्हती. चूक गृहीतकात होती. थॉमसन यांनी मात्र आपला आग्रह सोडला नाही. पृथ्वीचे वय आज सुमारे ४५४ कोटी वर्षे मानले जाते.

अध्यापन व प्रशिक्षण

महाविद्यालयाच्या पडीक दारूच्या तळघरात त्यांनी विद्यार्थ्यांसाठी प्रयोगशाळा थाटली. ब्रिटनमधील विद्यापीठांत अशी सोय तेव्हा नव्हती. त्यांची व्याख्याने विषयांतराने भरकटत आणि सामान्य विद्यार्थी मागे पडत. पण तळघरात मुले खऱ्या संशोधनासाठी लागणारी मापने स्वतः करीत. अशा रीतीने तयार झालेले विल्यम एर्टन १८६८ मध्ये भारताच्या तारखात्यात आले. पुढे एर्टन व पेरी यांनी टोकियोत आणि नंतर लंडनच्या फिन्सबरी तंत्र महाविद्यालयात हाताने काम करून शिकण्याची हीच पद्धत नेली.

सन्मान व अखेर

अटलांटिक महासागराखालील तारेच्या कामाबद्दल त्यांना १८६६ मध्ये नाइटहूड मिळाले. १८९२ मध्ये उमराव झाल्यावर त्यांनी विद्यापीठाजवळील केल्व्हिन नदीचे नाव घेतले. भारतीय घरांत परिचित असलेल्या ‘केल्व्हिनेटर’ शीतकपाटाचे नाव त्यांच्यावरूनच पडले आहे. प्राध्यापकपद सोडल्यावर त्यांनी त्याच विद्यापीठात संशोधक विद्यार्थी म्हणून नाव नोंदविले. लार्ग्ज येथील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये न्यूटन यांच्या शेजारी त्यांचे दफन करण्यात आले.